किडनीचा आजार आणि चिकन : बंद नको, मापात हवे
(घरच्या घरी चिकनची कोशिंबीर)

"जय भीम ताई. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं म्हणून ह्यांचं चिकन, मटण, अंडी, मासे सगळं बंद केलं. तरी हे खंगतच चाललेत."

आमच्या शेजारच्या गल्लीतील एक वहिनी हे सांगत होत्या. त्यांच्या मालकांचे डायलिसिस दीड वर्षापासून सुरू आहे, आठवड्यातून दोनदा. मी विचारले, मग जेवतात काय? वरणाचे पाणी, मऊ भात आणि भोपळ्याची भाजी. मीठ? वहिनींनी कौतुकाने फळीवरचे पाकीट काढून दाखवले. "साधं मीठ बंदच केलं. हे कमी सोडियमवालं आणते. महाग आहे, पण फक्त ह्यांच्यासाठी."

मी पाकीट उलटे करून वाचले. सोडियम कमी करण्यासाठी त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले होते. मग रक्ताचा शेवटचा रिपोर्ट पाहिला. पोटॅशियम ६.४. किडनी बिघडलेल्या माणसाच्या हृदयाला हा आकडा धोक्याचा. आम्ही त्यांना त्याच दिवशी डायलिसिसच्या ठिकाणी नेले. वेळेवर गेलो म्हणून निभावले.

चूक वहिनींची नव्हती. त्यांना "मीठ कमी करा, पथ्य पाळा" एवढेच सांगितले गेले होते. मी वॉर्डात नर्स होते तेव्हा मीही हेच सांगत असे. पेशंट घरी निघाला की दोन मिनिटांत "मीठ कमी, पाणी कमी, पथ्य पाळा" म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. घरी जाऊन पातेल्यात नेमके काय घालायचे, हे मी कोणाला कधी सांगितले नाही. ते राहिलेले आज सांगते.

किडनी आणि ताटातले चार पदार्थ

मुठीएवढ्या दोन किडन्या दिवसभर रक्त गाळत असतात. नको ते लघवीवाटे बाहेर टाकतात, हवे ते परत घेतात. ही गाळणी बिघडली की जेवणातल्या चार गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते.

१. प्रथिने : चिकन, अंडी, डाळ, दूध यांतून मिळतात. शरीराची झीज भरून काढतात. पण ती पचल्यावर युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकणे हे किडनीचे काम.

२. मीठ, म्हणजे सोडियम : जास्त झाले की अंगावर सूज, रक्तदाब वाढणे, तहान आणि दम लागणे.

३. पोटॅशियम : केळी, शहाळे, बटाटा, टोमॅटो, पालेभाज्या, शेंगदाणे यांत भरपूर. निरोगी माणसाला हे सगळे चांगलेच. पण किडनीने ते बाहेर टाकले नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात.

४. फॉस्फरस : मांस, दूध, शेंगदाणे, कोलासारखी गडद थंड पेये आणि पॅकेटबंद पदार्थांत असतो. साचला की अंगाला खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात.

आधी एक प्रश्न : डायलिसिस सुरू आहे का?

पथ्याची खरी फाटाफूट इथे होते आणि बहुतेक घरांत गोंधळही इथेच होतो.

डायलिसिस सुरू झालेले नाही, फक्त क्रिएटिनिन वाढले आहे, अशा माणसाला प्रथिने मोजून द्यायची. साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाकाठी ०.६ ते ०.८ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. वजन धरायचे ते सूज नसतानाचे.

डायलिसिस सुरू असेल तर हिशोब उलटा होतो. मशीनवर रक्त शुद्ध होताना काही प्रथिनेही निघून जातात. म्हणून प्रत्येक किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वहिनींच्या मालकांना वरणाच्या पाण्यावर ठेवल्याने ते खंगत होते, ते यामुळेच.

एकाच वस्तीत दोन घरी किडनीचे पेशंट असले तरी एकाचे पथ्य दुसऱ्याला चालत नाही. शेजारणीचे ऐकण्याआधी आपला कागद बघा. तुमच्या माणसाचा नेमका आकडा डॉक्टर किंवा सरकारी दवाखान्यातील आहारतज्ज्ञ यांच्याकडून लिहून घ्या.

कोशिंबीरच का?

आपल्याकडे चिकन म्हणजे झणझणीत रस्सा. सुके खोबरे, टोमॅटो, मसाला, भरपूर मीठ, वर बटाट्याची फोड. मीठ आणि पोटॅशियम दोन्ही त्या रश्श्यात. शिवाय वाटीभर रस्सा म्हणजे वाटीभर पाणीही. रश्श्यात किती तुकडे खाल्ले तेही कळत नाही. कोशिंबिरीत चिकन मोजून घालता येते, मिठाशिवाय चव आणता येते आणि थोडे चिकनही पुरेसे वाटते.

साहित्य

- बिनहाडाचे, कातडी काढलेले ताजे चिकन : १०० ग्रॅम (कच्चे)
- काकडी : १ मध्यम, साल काढून
- कोबी : बारीक चिरून १ वाटी
- कांदा : १ लहान
- ढोबळी मिरची : अर्धी
- ताजे दही : ४ चमचे
- लिंबू : अर्धे
- हिरवी मिरची १, आल्याचा छोटा तुकडा, लसणाच्या २ पाकळ्या
- भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मिरपूड : चिमूट-चिमूट
- फोडणीला २ चमचे तेल, मोहरी, कढीपत्ता
- कोथिंबीर : नुसती वासापुरती

दुकानदाराला १०० ग्रॅम तोलूनच द्यायला सांगा. घरात तराजू नसला तरी माप पक्के होते. बिनहाडाचे परवडत नसेल तर तंगडी घ्या, शिजल्यावर हाडावरून मांस सोडवा. मात्र ते शिजलेले मांस ७० ग्रॅमच्या आसपास धरा. गल्लीतल्या दुकानातले ताजे कापलेले चिकन पॅकेटातल्या नगेट-सॉसेजपेक्षा केव्हाही चांगले. पॅकेटबंद मांसात मीठ आणि फॉस्फेट घातलेले असते. हे वरून घातलेले फॉस्फेट शरीर जवळजवळ सगळेच शोषून घेते.

कृती

१. चिकनचे बोराएवढे तुकडे करा. तुकडे लहान असले की त्यातले पोटॅशियम आणि फॉस्फरस पाण्यात जास्त उतरते.

२. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळा. त्यात चिकन, ठेचलेले आले आणि लसूण घाला. मीठ घालू नका. १५ ते २० मिनिटे शिजवा. तुकडा मोडून पाहा, आत कुठेही गुलाबी दिसता कामा नये.

३. हे पाणी रुग्णाला देऊ नका. आपल्याकडे आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आळणी पाजायची रीत आहे. किडनीच्या पेशंटला नेमकी तीच नको, कारण चिकनमधून निघालेले सगळे त्या पाण्यातच असते. फेकायची गरज नाही, घरातल्या निरोगी माणसांच्या आमटीत घाला.

४. दुसरीकडे कोबी भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाका, चाळणीवर ओता आणि गार झाल्यावर पिळून घ्या. पोटॅशियम कमी होते आणि कोबी स्वच्छही होतो. हे पाणी मात्र ओतून द्या.

५. काकडी, कांदा, ढोबळी मिरची बारीक चिरा. गार झालेले चिकन हाताने सोडवून त्यात घाला. कोबी, दही, लिंबाचा रस, जिरेपूड, मिरपूड मिसळा.

६. मोहरी, कढीपत्ता आणि हिरव्या मिरचीची चुरचुरीत फोडणी वरून द्या. मिठाची उणीव लिंबू आणि फोडणी भरून काढतात.

कच्च्या चिकनचा विळा, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काकडीला लावू नका. किडनीच्या पेशंटला जंतुसंसर्ग लवकर होतो. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतीच करा आणि तासाभरात संपवा. सकाळची संध्याकाळी देऊ नका.

कोणाला किती?

१०० ग्रॅम कच्चे चिकन शिजून साधारण ७० ग्रॅम होते आणि त्यातून २१-२२ ग्रॅम प्रथिने मिळतात.

डायलिसिस सुरू नसलेल्याला यातला अर्धा भाग द्या, म्हणजे चिकनची सुमारे ११ ग्रॅम प्रथिने. उरलेला अर्धा घरातले दुसरे कोणी खाईल. डायलिसिसवरच्या माणसाला चिकन पूर्ण चालते. दही मात्र दोघांनाही दोन चमचेच. पूर्ण भाग करायचा असेल तर दही निम्मे घाला.

दिवसाचा हिशोब असा मांडा : मध्यम भाकरी ५ ग्रॅम, चपाती ३, वाटीभर भात ३ ते ४, वाटीभर वरण ५ ते ६, एक अंडे ६, कपभर दूध ६. डायलिसिस नसलेल्या ६० किलोच्या माणसाने दिवसभरात दोन भाकऱ्या, दोन चपात्या, वाटीभर भात, अर्धी वाटी वरण, भाजी आणि चहातले दूध घेतले तर साधारण २९ ग्रॅम होतात. त्यात कोशिंबिरीचे १२ मिळवले की ४१. म्हणजे मापात. मात्र त्याच दिवशी अंडी किंवा मासे खाल्ले तर माप ओलांडले.

यात काय घालायचे नाही

- शेंगदाण्याचा कूट : कोशिंबिरीत आपला हात आधी कुटाकडे जातो. पण त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त.
- टोमॅटो, उकडलेला बटाटा, बीट, खोवलेले खोबरे.
- कमी सोडियमचे मीठ : किडनीच्या पेशंटच्या घरात हे पाकीट नकोच.
- सैंधव आणि काळे मीठ : नाव वेगळे, तरी सोडियमच. पथ्याचे मीठ म्हणून ते मोकळ्या हाताने वापरू नका.
- बाजारचे मेयोनीज, सॉस, चाट मसाला.

आणि एक फळ कायमचे लक्षात ठेवा : करमळ, म्हणजेच कमरख. शाळेबाहेर तिखट-मीठ लावून मिळते ते पाचधारी फळ. किडनी बिघडलेल्या माणसाच्या मेंदूवर त्याचा विषासारखा परिणाम होऊ शकतो. त्याची एक फोडही नको.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मीठ अजिबातच नको का?*
निरोगी माणसालाही दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी मीठ पुरते. पेशंटचे दिवसाचे मीठ सकाळी एका छोट्या डबीत काढून ठेवा. किती काढायचे ते डॉक्टरांना विचारा. डबी संपली की मीठ संपले. सुकट, सुके बोंबील, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ डबीत दिसत नाही, म्हणून ते बंदच ठेवा.

*सगळी फळे बंद करायची का?*
रिपोर्टमध्ये पोटॅशियम नॉर्मल असेल तर धसका घेऊन सगळे बंद करू नका. वाढलेले असेल तर केळी, शहाळे, संत्री, मोसंबी, चिकू टाळा. सफरचंद किंवा पेरची अर्धी फोड डॉक्टरांना विचारून चालू शकते.

*साखर आहे, त्यांना ही कोशिंबीर चालेल?*
चालेल. साखर आणि रक्तदाब या दोन आजारांनीच किडनी सर्वांत जास्त बिघडते. म्हणून गोळ्या चुकवू नका. कंबर दुखते, गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्या किडनीला आणखी मारतात.

*पाणी किती?*
ज्यांची लघवी कमी झाली आहे, अंगावर सूज आहे, त्यांनी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे. चहा, ताक, आमटी हेही पाण्यातच मोजा.

केव्हा धावायचे

हातापायांतले बळ अचानक गेले, छातीत धडधड होते, ठोका चुकल्यासारखे वाटते, आडवे झाले की दम लागतो, लघवी बंद झाली, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. पोटॅशियम कधीकधी काहीच लक्षण न दाखवता वाढते, म्हणून रक्ताची तारीख चुकवू नका.

पैशाअभावी डायलिसिस सोडू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी तिथे उभे राहा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिसची सोय आहे.

त्या वहिनींच्या मालकांचे पोटॅशियम आता ताब्यात आहे. ते पाकीट गेले. रविवारी घरात सगळ्यांना रस्सा असतो आणि त्यांना ही कोशिंबीर. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड वाकडे केले, "ह्यात मीठ कुठाय?" म्हणाले. तिसऱ्या रविवारी लिंबू थोडे जास्त पिळायला सांगितले. मागच्या रविवारी नातवाने त्यांच्याच ताटातली उचलून खाल्ली.

पुढच्या वेळी दवाखान्यात कोणी "पथ्य पाळा" एवढेच म्हणाले तर उठू नका. खुर्चीवर बसूनच विचारा : प्रथिने किती ग्रॅम, मीठ किती, पाणी किती, पोटॅशियमचा आकडा काय? चारही उत्तरे कागदावर लिहून घ्या. विचारायला संकोच करू नका. हे सांगणे आम्हा नर्सेसचे आणि डॉक्टरांचे कामच आहे.