सर्व्हरचा फेरफार

पनवेलमध्ये ज्यांची जमीन आहे त्यांना सातबारा आणि फेरफार वेगळे समजवायला नकोत. आज मालक कोण ते सातबारावर दिसतं. तो कधी, कशामुळे बदलला ते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत.

मित्रांनो, लिनक्स सर्व्हरचा ईटीसी फोल्डर म्हणजे नुसता सातबारा. नेटवर्क, युजर, प्रॉक्सी, सगळ्या सेटिंग्ज तिथे. पण काल काय होतं ते कळत नाही. मग 'ओल्ड', 'ओल्ड२', 'फायनल' अशा फाइली साठतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलचं नेट गेलं की कोणी काय बदललं यावर नुसती भांडणं.

उपाय फुकट आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली बनवलेलं गिट, आणि त्यावर चालणारं ईटीसीकीपर. हे बसवलं की डेबियन-उबुंटूवर पॅकेज टाकण्याआधी आणि नंतर बदलांची आपोआप नोंद होते. हाताने बदल केला तर 'ईटीसीकीपर कमिट' देऊन कारण लिहायचं. मला तर ही कारणाची ओळच सगळ्यात मोलाची वाटते. 'चेंज केला' नको, प्लीज! 'दुसऱ्या मजल्यासाठी आयपी रेंज वाढवली' असं लिहा. सगळे सुडोने आले तर करणाऱ्याचं नावही राहतं. एकच रूट पासवर्ड वाटून घेतला तर सगळ्या नोंदी रूटच्याच.

नुसतं गिट का पुरत नाही? ते फाइलची मालकी लक्षात ठेवत नाही, परवानग्यांपैकीही फक्त एक्झिक्यूटची. बाकीचं ईटीसीकीपर वेगळं लिहून ठेवतं. आणि शॅडो फाइलमध्ये पासवर्डचे हॅश असतात, तेव्हा ही रिपॉझिटरी गिटहबवर पब्लिक टाकू नका. जमिनीचा फेरफार कोणीही बघावा, हा फक्त रूटने.