हाक मारायला कुणी उरलं नाही तर

प्रश्न : ‘मॉन्स्टर’ ही जपानी अॅनिमे मालिका नुकतीच पाहून संपवली. योहान लीबर्ट डोक्यातून जात नाही. त्याला पैसा नको, सत्ता हाताशी येते तर तीही तो सोडून देतो. सूड म्हणावा, तर ज्यांनी त्याला जीव लावला त्यांनाही तो मारतो. मग त्याला हवं तरी काय असतं? आणि लहानपणी हाल झाले म्हणून माणूस असा होतो का?
— एक वाचक

उत्तर : ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावं. शेवट सांगितल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ ही मांगा १९९४ ते २००१ अशी सात वर्षं चालली आणि २००४-०५ मध्ये तिच्यावर ७४ भागांची अॅनिमे निघाली. कथा घडते जर्मनीत आणि चेक देशात, बर्लिनची भिंत पडण्याच्या आधी आणि नंतर. १९८६ साली ड्युसेलडॉर्फमधल्या एका रुग्णालयात डोक्यात गोळी लागलेला एक लहान मुलगा येतो. त्याच्या मागोमाग शहराचे महापौर येतात. वरिष्ठांचा हुकूम असतो की आधी महापौर. याआधी असाच हुकूम पाळून एका गायकाला वाचवताना डॉक्टर केन्झो टेनमाच्या वाट्याचा एक तुर्की मजूर दगावलेला असतो, आणि त्याच्या बायकोचा आक्रोश टेनमाच्या कानांतून जात नसतो. या वेळी तो मुलालाच टेबलावर घेतो. तोच योहान.

त्याला काय हवं, हे त्याने कुणाला मारलं यावरून कळतं. नऊ वर्षांनी जर्मनीत मूलबाळ नसलेल्या मध्यमवयीन जोडप्यांचे खून होऊ लागतात. लुटालूट नाही, वैर नाही. हळूहळू उलगडतं की या लोकांनी कधीतरी योहानला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं, जेवू घातलं होतं, नावाने हाक मारली होती. त्यांच्या आठवणीत एक मुलगा जिवंत होता. योहान त्या मुलाला एकेका घरातून पुसत चालला आहे. तो मरायला निघालेला माणूस आहे, पण नुसतं मरून त्याचं भागत नाही. आपण कधी होतो याचा मागमूसही राहू नये, एवढं त्याला हवं आहे. सत्ता त्याच्या हाती येते आणि सुटते, कारण सत्ता मिळवायची तर लोकांच्या लक्षात राहावं लागतं.

हे वेड आलं कुठून? म्युनिकच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात त्याच्या हाती मुलांसाठीचं एक जुनं चित्रांचं पुस्तक येतं. एका निनावी राक्षसाला नाव हवं असतं. तो माणसांच्या पोटात शिरतो, त्यांची नावं घेतो आणि त्यांना आतून खाऊन टाकतो. शेवटी त्याला एक सुरेख नाव मिळतं, योहान. पण तोवर त्या नावाने हाक मारायला कुणीच उरलेलं नसतं. इतका वेळ बर्फासारखा थंड राहिलेला हा तरुण ते पुस्तक हातात घेऊन कोसळतो. माझ्या मते संपूर्ण मालिकेत योहान उघडा पडतो तो याच एका ठिकाणी. इतर वेळी त्याचा चेहरा मुखवटा असतो.

याच्याही तळाशी एक जुनी घटना आहे. प्रागमध्ये तो, त्याची जुळी बहीण आणि आई लपून राहत होती. दोन्ही मुलांना सारखेच मुलीचे कपडे. एके दिवशी माणसं दाराशी आली, प्रयोगासाठी एक मूल हवं होतं, आणि कोणतं द्यायचं ते आईने सांगायचं होतं. आई थबकली. एकाचा हात सोडला, दुसऱ्याचा सोडला, मग पुन्हा बदललं. नेलं बहिणीला. योहान वाचला, पण ते थबकणं त्याच्या मनात जन्मभराचं रुतून बसलं. आईला मी हवा होतो, की आमच्यात गफलत होऊन मी चुकून उरलो? बहीण परत आली, तिथे जे भयानक पाहिलं ते त्याला सांगत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या आठवणी त्याने आपल्याच मानल्या. ज्याला स्वतःची आठवणही उसनीच मिळाली, त्याला ‘मी’ म्हणायला जागा कुठे राहणार?

आपण हवे होतो की नव्हतो, हा प्रश्न तो पुढे दुसऱ्यांच्या गळ्यात घालतो. प्रागच्या अनाथाश्रमातल्या एका चिमुरड्याला तो आई शोधायला वेश्यावस्तीत पाठवतो. आपण कुणाला हवे नव्हतो, हे त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून. योहान क्रूर आहेच, पण ती क्रूरता कशी चालते ते इथे दिसतं. स्वतःला सोडवता न आलेलं कोडं तो लहान मुलांपुढे ठेवतो आणि ती मोडतात का ते बघत बसतो. त्या मुलाला शोधून जवळ घेतो तो ग्रिमर नावाचा माणूस.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या ग्रिमरमध्येच आहे. पूर्व बर्लिनच्या ज्या ५११ क्रमांकाच्या बालगृहात योहान होता, ग्रिमरही तिथूनच बाहेर पडलेला. तिथे मुलांच्या भावनाच खरवडून काढत. ग्रिमरला हसू शिकून घ्यावं लागलं. स्वतःचा मुलगा गेला तेव्हाही त्याला रडू आलं नाही. तरीही तो उरलेलं आयुष्य मुलांच्या मागे धावण्यात घालवतो. बहीण नीनाला तर प्रागमध्ये त्या माणसांनी प्रत्यक्ष नेलं होतं, आणि तीच अखेरीस भावाला क्षमा करते. योहान आणि ग्रिमरचं बालगृह एकच, योहान आणि नीनाची आई एकच, आणि तरी तीन वेगळी माणसं. मुलाला पहिल्या वर्षांत एक तरी भरवशाचं माणूस लागतं, हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आयुष्यभर मांडलं. ते नसेल तर मूल जखमी होतं, हे खरंच. पण त्या जखमेचं पुढे काय होईल हे आधीच ठरलेलं असतं, असं उरासावा मानत नाहीत, आणि मला ते पटतं. ‘बिचाऱ्याचे हाल झाले’ एवढ्यावर योहानला सोडलं, तर ग्रिमरने रोज उठून जे कष्ट घेतले त्यांची किंमत आपण शून्य करतो.

एक खूण पुन्हा पाहाल तेव्हा लक्ष ठेवून पाहा. योहान बोट उचलतो आणि स्वतःच्या कपाळावर टेकवतो : इथे गोळी झाड. लहानपणी बहिणीपुढे, शेवटी रुहेनहाइम गावात टेनमापुढे. सगळे जीव सारखे असं मानणाऱ्या डॉक्टरकडून त्याला हेच वदवून घ्यायचं आहे की सारखं असतं ते फक्त मरण. टेनमाच्या हातात बंदूक आहे, पण गोळी झाडतो दुसराच, मुलाला वाचवू पाहणारा एक दारुडा बाप. आणि टेनमा पुन्हा त्याच डोक्यावर शस्त्रक्रिया करतो.

त्यानंतर तो बेशुद्ध योहानच्या खाटेपाशी बसून सांगतो की तुला नाव होतं, तुझ्या आईने ठेवलेलं. ते नाव आपल्याला ऐकू येत नाही. मग योहान उठून बसल्यासारखा दिसतो आणि तोच जुना प्रश्न विचारतो, आईने नक्की कुणाला ठेवून घेतलं होतं. ते खरंच घडलं की टेनमाला भास झाला, हे मालिका सांगत नाही. नंतर फक्त रिकामी खाट दिसते.