कार्बन बदलता येतो, रुळांचं काय?

प्रश्न : माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. ड्रिल मशीन, मिक्सर आले की बहुतेकदा कार्बन घासलेले असतात. पुण्यात विजेवर चालणारी तोफ करतायत म्हणे. तिच्यात एवढ्या वेगानं घासून रूळ टिकतात कसे?
– एक वाचक, नातेपुते

उत्तर : फार टिकत नाहीत. या तोफेचं घोडं तिथंच पेंड खातं.

तिला रेलगन म्हणतात. पुण्यात पाषाणला डीआरडीओची 'एआरडीई' ही प्रयोगशाळा तिच्यावर काम करते. 12 मिलिमीटरच्या चौकोनी नळीच्या चाचण्या तिथं झाल्या आहेत. तांब्याचे दोन समांतर रूळ आणि मध्ये ॲल्युमिनियमचं आर्मेचर. इथं त्याला गुंडाळी नसते, नुसता धातूचा तुकडा. एका रुळातून आलेला प्रवाह आर्मेचरमधून दुसऱ्या रुळात जातो आणि त्याचंच चुंबकीय क्षेत्र आर्मेचरला पुढं रेटतं. 10 लाख अँपिअरला हा रेटा साधारण 25 टनांचा. प्रवाह दुप्पट केला की रेटा चौपट.

ड्रिलमधला कार्बन महिनोन्महिने घासतो. इथं सगळा मामला काही मिलिसेकंदांत आटोपतो, आणि घर्षणापेक्षा विजेची उष्णता जास्त नुकसान करते. प्रवाहाला धातूत मुरायला वेळ लागतो, पण आर्मेचर तर क्षणोक्षणी रुळाच्या कोऱ्या भागावर पोचत असतं. मग सगळा प्रवाह त्याच्या मागच्या कडेला एकवटतो आणि ती कड वितळू लागते. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तांबं 1085 अंशांना. त्यामुळे आधी आर्मेचर जातं. ते चालतं, कारण दर बाराला ते नवंच घालायचं असतं. वितळलेला थर वंगणाचंही काम करतो. पण मध्ये फट पडली की वेल्डिंगसारखा आर्क पेटतो आणि रुळाचं तांबं उडतं.

फट पडू नये यासाठीची युक्ती मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. आर्मेचर 'सी' अक्षरासारखं करतात, दोन्ही पाय मागं पसरलेले, नळीपेक्षा किंचित रुंद. रेलगनचे संशोधक रिचर्ड मार्शल यांचा ठोकताळा असा की, दर अँपिअरला एक ग्रॅम दाब हवा. म्हणजे 10 लाख अँपिअरला एक टन. सुरुवातीचा दाब घट्ट बसवण्यातून मिळतो. पुढं प्रवाह स्वतःच ते पाय बाहेर रेटून रुळांवर दाबत राहतो. स्प्रिंग लागतच नाही.

तरी एक दुखणं उरतं. फार वेग आला की रुळांवर थेंबाच्या आकाराचे खड्डे पडतात. रॉकेट स्लेडच्या, म्हणजे रॉकेटनं पळवायच्या घसरगाडीच्या, रुळांवरही ते दिसतात, आणि तिथं तर वीज नसते. रूळ कडक धातूचे केले तर खड्डे उशिरा पडतात. पण कडक मिश्रधातूतून वीज शुद्ध तांब्याइतकी सहज वाहत नाही आणि रूळ अधिक तापतात. अमेरिकी नौदलानं 2010 मध्ये 33 मेगाजूलचा बार काढून दाखवला होता. 2021 मध्ये त्यांनी हे काम थांबवलं, तेव्हाही नळीच्या आयुष्याचा प्रश्न पुरता सुटलेला नव्हता.