‘हूड टू कोस्ट’ धावायची, तर माणशी वर्गणी किती?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात दर ऑगस्टअखेरीला माउंट हूडवरच्या टिंबरलाइन लॉजपासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सीसाइड गावापर्यंत रिले शर्यत होते. १९८२ मध्ये आठ संघांनी सुरू केलेल्या या शर्यतीत आता हजारावर संघ उतरतात. अंतर सुमारे ३२० किलोमीटर, टप्पे ३६. संघात बारा जण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन टप्पे, एकूण २६-२७ किलोमीटर. मैलाला दहा मिनिटं या वेगाने धावणाऱ्या संघाला ३३ तास लागतात, म्हणजे अख्खी रात्र रस्त्यावर जाते. पोर्टलँड शहराजवळच्या हिल्सबोरो-बीव्हरटन भागात इंटेल कंपनीमुळे बरीच मराठी घरं आहेत, त्यामुळे ‘आपलाही एक संघ काढू या’ हा विषय तिथे निघणं साहजिकच आहे. तो निघाला की पहिला प्रश्न पैशांचा असतो.

घरच्या गाड्या वापरल्या आणि मुक्काम कुणाच्या तरी घरी केला, तर माणशी ३०० डॉलर धरा. व्हॅन भाड्याने आणि सीसाइडला हॉटेल, असा बेत असेल तर ५०० डॉलर. भारतातून येणाऱ्याचं विमानभाडं याच्यावर.

सगळ्यात मोठी रक्कम प्रवेश फीची. संघामागे दोन हजार डॉलर किंवा त्याहून थोडे जास्त बाजूला ठेवा आणि त्या वर्षीचा नेमका आकडा अर्ज भरताना तपासा. अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबरात घेतले जातात, आणि इच्छुक जागांपेक्षा जास्त असल्याने निवड सोडतीने होते. संघ निवडला गेला की ही फी परत मिळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ऑक्टोबरात ‘मी नक्की’ म्हणणारे बारा जण पुढच्या ऑगस्टात बाराच राहतात असं नाही. कुणाचा गुडघा दुखावतो, कुणाची नोकरी बदलते, कुणाच्या घरी बाळ येतं. म्हणून अर्जाआधीच माणशी २०० डॉलर एका खात्यात जमा करून घ्या आणि लेखी ठरवा: जो गळेल त्याने बदली धावपटू आणायचा, नाहीतर पैसे सोडायचे. मित्रांमध्ये हे बोलणं अवघड वाटतं, पण जुलैत बोलण्यापेक्षा ऑक्टोबरात बोलणं कितीतरी सोपं. स्थानिक संघांना तीन स्वयंसेवकही द्यावे लागतात. ती माणसंही तेव्हाच शोधून ठेवा.

पुढचा खर्च गाड्यांचा. संघाला दोन गाड्या लागतात, प्रत्येकीत सहा धावपटू. पहिली गाडी पहिले सहा टप्पे सांभाळते, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मोटरहोम चालत नाही. बारा आसनी व्हॅनचं भाडं विम्यासकट दिवसाला १५० ते २५० डॉलर धरा. तीन दिवसांच्या दोन व्हॅन म्हणजे ९०० ते १५०० डॉलर. इथे एक खाचखळगा आहे. अशा मोठ्या व्हॅनना तुमचा नेहमीचा गाडीविमा किंवा क्रेडिट कार्डावरचं संरक्षण बऱ्याचदा लागू होत नाही. विमा कंपनीला आधी फोन करून विचारा आणि गरज पडली तर भाडे कंपनीचाच विमा घ्या. पंचविशीच्या आतला चालक नेमला तर भाडे कंपन्या जादा आकार लावतात. पेट्रोलचा खर्च मात्र किरकोळ. पोर्टलँडहून डोंगरावर जाणं, शर्यतीचा मार्ग आणि सीसाइडहून परतणं मिळून साधारण ३४० मैल होतात. व्हॅन गॅलनला १५ मैल देत असेल आणि पेट्रोल चार डॉलर असेल, तर गाडीमागे ९० डॉलर.

घरच्या सात आसनी गाड्यांनी हा खर्च जवळजवळ पूर्ण वाचतो. पण सहा धावपटू, चालक, घामाचे कपडे, पाण्याच्या बाटल्या आणि अंथरुणं यांत पाय पसरायला जागा राहत नाही. परवडत असेल तर मी व्हॅनच्याच बाजूने आहे.

आणि काटकसर कुठेही करा, पण चालकाच्या बाबतीत करू नका. रात्री दोनला आपला टप्पा धावून आलेला माणूस पहाटे चारला कोस्ट रेंज डोंगररांगेतल्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवतो, आणि त्याच रस्त्याच्या कडेने दुसरे धावपटू पळत असतात. धावण्यापेक्षा मोठा धोका हा आहे. प्रत्येक गाडीला न धावणारा, दिवसा झोपून घेतलेला एक चालक ठेवा. त्याचं जेवण, मुक्काम आणि टीशर्ट संघाने द्यावा. माणशी वीस-पंचवीस डॉलर वाढतील, ते आनंदाने द्या. मोबाइलची रेंजही त्या भागात जाते, म्हणून टप्प्यांचे नकाशे कागदावर छापून गाडीत ठेवा.

रात्री धावताना परावर्तक जॅकेट, कपाळावरचा दिवा आणि पाठीमागचा लुकलुकता लाल दिवा सक्तीचा असतो. तिन्ही मिळून ५० ते ८० डॉलर. ओरेगनात विक्रीकर नाही, तेव्हा दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांनी ही खरेदी इथे येऊनच करावी. दिवे उसने मिळाले तर घ्या, फक्त बॅटरी नवी टाका. बूट मात्र नवे नकोत. पहिल्याच टप्प्यात सुमारे दोन हजार फूट उतार आहे. उताराचा सराव नसेल तर मांड्या तिथेच भरून येतात आणि उरलेले दोन टप्पे कण्हत काढावे लागतात.

खाण्याला माणशी ४० ते ५० डॉलर पुरतात. घरून दहीभात, पोळीभाजीचे रोल, उकडलेले बटाटे, केळी आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी नेलं तर निम्म्यात भागतं. वाटेतल्या काही एक्स्चेंजवर, म्हणजे धावपटू बदलण्याच्या ठिकाणी, थोडे डॉलर देऊन गरम जेवण किंवा शॉवर मिळतो, त्यासाठी सुट्या नोटा जवळ ठेवा.

मुक्कामाचं गणित सरळ आहे. त्या शनिवारी सीसाइडची हॉटेलं महाग असतात आणि लवकर भरतात. पोर्टलँडला परतणं दीड-दोन तासांचं, पण तेव्हाही न झोपलेल्या माणसाने स्टिअरिंग धरू नये. संघाची निवड झाल्याचं कळलं की त्याच आठवड्यात, रद्द करता येईल अशी खोली धरा. बारा जणांना तीन खोल्या पुरतात.

भारतातून येणाऱ्या धावपटूने प्रवासी आरोग्य विमा घ्यावा, आणि त्यात धावण्याच्या स्पर्धेतली दुखापत धरली आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावं. अमेरिकेत इमर्जन्सी विभागाची एक फेरी सगळ्या संघाच्या वर्गणीपेक्षा जास्त होऊ शकते.

धावणं झेपणार नसेल, तर त्याच आठवड्याअखेरीला पोर्टलँडहून सीसाइडपर्यंत चालण्याची ‘पोर्टलँड टू कोस्ट’ रिलेही असते. अंतर कमी, पण रात्र, गाड्या आणि चालक यांचा हिशोब तोच.