शालेय टेनिसपटूची पहिली स्पर्धा

शालेय टेनिसपटूस स्पर्धेत उतरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला शाळेमार्फत : क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. दुसरा मार्ग अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या मानांकन स्पर्धांचा. तेथे १२, १४, १६ व १८ वर्षांखालील गट असून खेळाडूची पूर्वनोंदणी आवश्यक असते. नवोदिताने प्राथमिक दर्जाच्या ‘टॅलेंट सिरीज’पासून आरंभ करणे इष्ट.

पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूस पडलेल्या चेंडूचा निर्णय खेळाडूनेच द्यावयाचा असतो. म्हणून गुण मोजून, प्रामाणिकपणे पूर्ण सामने खेळण्याची सवय सरावातच लावावी. केवळ जन्मदाखला वा प्रवेशिका वेळेवर न गेल्याने गुणी खेळाडू संधीस मुकू नये, याची दक्षता शिक्षकांनी व पालकांनी घ्यावयास हवी.