बीळ बघा, मग आमिष टाका

सोयाबीनची रास घरी आली की शेत मोकळे दिसते, पण उंदीर गेलेले नसतात. ते धुऱ्यावर सरकून ज्वारी-हरभऱ्याकडे वळतात. ‘परभणी मोती’ ज्वारीची कणसे भरायच्या आतच त्यांचा बंदोबस्त करावा.

आपण सरसकट ‘उंदीर’ म्हणतो, पण परभणीच्या शिवारात जाती अनेक आहेत. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी-मानवतकडे, ऊस-गव्हाच्या ओलीत छोट्या घुशीचे राज्य. तिच्या बिळाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो, तोंड बहुधा मातीने बुजवलेले आणि आत कणसांचा साठा. काळ्या रानाच्या भेगांत मऊ केसांचा उंदीर राहतो. खोल उकरायचे कष्ट तो घेत नाही. धुऱ्यावरच्या बारीक भोकात इवलासा शेतउंदीर. जिंतूरकडच्या मुरमाड माळासारख्या कोरड्या, हलक्या जमिनीत जर्बिल, ज्याच्या लांब शेपटीच्या टोकाला झुपका असतो.

घूस थोराड आणि भांडकुदळ. ती ओल धरते, बाकीचे कडेला राहतात. पण ही वाटणी कायमची नाही. कोरडवाहू रानात पाट पोचला की जर्बिल मागे हटतो आणि घूस पुढे सरकते. निम्न दुधना प्रकल्पाचे पाणी नव्याने मिळालेल्यांनी म्हणून जुन्या अंदाजावर विसंबू नये.

खरी गोम पुढेच. तुम्ही एकट्याने घुशी मारल्या तरी रिकामी बिळे फार काळ ओस पडत नाहीत. शेजारच्या रानातली घूस येते, नाहीतर कडेला दबून असलेला दुसरा उंदीर. निदान एका चारीवरच्या सगळ्यांनी, पडीक धुरे धरून, एकाच दिवशी आमिष टाकले तर पैसा सार्थकी लागतो.

संध्याकाळी सगळी बिळे बुजवा. सकाळी उघडी दिसतील तीच जिवंत. त्यांत दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा, म्हणजे उंदरांचा संशय जातो. मग ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल, २ भाग झिंक फॉस्फाईड असे आमिष प्रत्येक बिळात १० ग्रॅम, कागदाच्या पुडीत, खोल सरकवून तोंड बुजवा. वाचलेले उंदीर या विषाला पुन्हा तोंड लावत नाहीत. म्हणून आठ-दहा दिवसांनी उघडलेल्या बिळांत ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्क्यांचे आमिष वापरा.

झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. हातमोजे घाला, काठीने कालवा, ओल्या हाताने शिवू नका. मेलेले उंदीर लगेच खोल पुरा, नाहीतर फुकट राखण करणारी घुबडेच दगावतील.