नेपाळच्या कॅम्पला निघण्याआधी हे विचारा

परत आल्यावर आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर टीमची साक्ष झाली. नेपाळात किती जणांना औषधं दिली, किती जणांसाठी प्रार्थना केली, सगळं सांगून झालं आणि शेवटी टीमलीडर म्हणाले, “एक बहीण मात्र ऐन वेळी डगमगली. तिच्या विश्वासासाठी प्रार्थना करा.” नाव घेतलं नाही. टीममध्ये नर्सिंगची विद्यार्थिनी मी एकटीच, त्यामुळे घ्यायची गरजही नव्हती. माझी आई दुसऱ्या बाकावर बसली होती. तिची सगळी नोकरी मिरजेत वॉर्डात गेली. तिला ते ऐकून घ्यावं लागलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी डगमगले नव्हते. एका गरोदर बाईला चुकीची गोळी द्यायला मी नकार दिला. मंडळीला हे कोणी सांगितलं नाही, म्हणून मी लिहितेय.

कॅम्प पालपा जिल्ह्यात होता, तानसेनच्या पुढे डोंगरात. गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सुनौलीची सीमा, बुटवलहून घाट चढून वर. वर्गणी भरताना सांगितलं होतं की डॉक्टर शेवटपर्यंत सोबत राहतील आणि औषधांची परवानगी काढलेली आहे. सुनौलीला पोचल्यावर मात्र खोके फोडून गोळ्यांच्या पट्ट्या प्रत्येकाच्या बॅगेत, कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवायला लावल्या. कोणी विचारलं तर घरची औषधं म्हणायचं. परवानगी आहे तर लपवायचं कशाला, असं मी तिथेच विचारलं. “प्रभू मार्ग मोकळा करील,” एवढंच उत्तर मिळालं. पट्ट्यांवर ‘फिजिशियन्स सॅम्पल’ छापलेलं होतं आणि बऱ्याच पट्ट्यांची मुदत दोन-तीन महिन्यांत संपत होती. दान म्हणून दिलेलं औषध पोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि सॅम्पलच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ही तत्त्वं काही गुप्त नाहीत, कोणालाही वाचता येतात.

डॉक्टर पहिल्याच गावातून परतले. जाताना एका पुठ्ठ्यावर तक्ता लिहून गेले: तापाला हे, अंगदुखीला ते, बीपी 140 च्या वर गेलं की टेल्मिसार्टन 40, पंधरा गोळ्या. पुठ्ठा टेबलाला चिकटपट्टीने लावला आणि काम पुढे चालू. रुग्णाच्या चिठ्ठीवर नाव, तक्रार, औषध असे रकाने होते आणि खाली एक चौकोन, ‘प्रार्थना’. त्या चौकोनात खूण झाल्याशिवाय औषध द्यायचं नाही, असा नियम होता. मी ख्रिस्ती घरात वाढले, रात्री प्रार्थना केल्याशिवाय झोपत नाही. पण आजाऱ्याकडून गोळीच्या बदल्यात प्रार्थना वसूल करायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

एके दिवशी सासूबरोबर मगर समाजातली एक बाई आली. वय पंचविशीचं, कमरेला रुंद पटुका गुंडाळलेला. तिकडच्या बायका तो असा बांधतात की पोट कळत नाही. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं दुभाष्या मुलाने सांगितलं. बीपी 150/100. तिला भिंतीला टेकून बसवलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं, तरी तेवढंच. तिच्या बोटातली अंगठी मांसात रुतली होती. ती दिसली आणि मी सासूला विचारायला लावलं, पाळी कधी आली होती? सासूने सहा बोटं दाखवली. सहावा महिना.

ऑब्स्टेट्रिक्सच्या पोस्टिंगला गेलेल्या कोणत्याही मुलीला इथे पुढचं सांगावं लागत नाही. टेल्मिसार्टन गरोदरपणात देत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. डोकेदुखी, अंधारी, सूज आणि वाढलेलं बीपी एकत्र असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासायचं आणि बाईला हॉस्पिटलला पाठवायचं. आमच्याकडे लघवी तपासायची साधी पट्टीसुद्धा नव्हती. मी लीडरना बाजूला घेऊन सांगितलं. ते पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “डॉक्टरांनी लिहून दिलंय ना? मग तू कोण? तू डॉक्टर आहेस का?”

सकाळी याच माणसाने गावासमोर माझी ओळख ‘इंडियाहून आलेली डॉक्टर’ अशी करून दिली होती. मी तेव्हाही दुभाष्याला सांगून ती दुरुस्त करून घेतली होती. त्यांचा तो प्रश्न मी आजवर किती वेळा मनात ऐकलाय, सांगता येणार नाही. नाही, मी डॉक्टर नव्हते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये माझी नोंदणीही व्हायची होती. म्हणूनच माझ्या हाताने ती पट्टी द्यायची नव्हती. मग त्यांनी आवाज खाली आणला, “अगं पोरी, विश्वास ठेव. आपण प्रार्थना करू, तू गोळी दे. लोकांना घाबरवू नकोस.” मागे रांग उभी होती, एक जण मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. मी पट्टी परत खोक्यात ठेवली आणि त्या दोघींना घेऊन खाली स्वास्थ्य चौकीवर गेले.

चौकी पायऱ्या उतरून अर्ध्या तासावर होती. तिथे अनमी दिदी होत्या, म्हणजे आपल्याकडच्या एएनएम. त्यांनी कपाटातून या बाईचं कार्ड काढलं. पहिल्या तपासणीपासूनची नोंद त्यात होती. लघवीची तपासणी झाली, प्रोटीन निघालं, त्यांनी फोन करून गाडी मागवली आणि तिला तानसेनला पाठवलं. ती भरती झाल्याचं त्यांनी नंतर मला कळवलं. गाडी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बहिनी, तुम्ही येणार हे आम्हाला कोणी कळवलंच नाही. तुमच्यासारखे कॅम्प येऊन जातात. मग लोक रिकाम्या पट्ट्या घेऊन आमच्याकडे येतात, ही गोळी द्या म्हणतात. ती गोळी आमच्याकडे नसते.” नेपाळ सरकार सुरक्षित बाळंतपणासाठी आमा सुरक्षा कार्यक्रम चालवतं. सरकारी संस्थेत बाळंतपण मोफत, शिवाय डोंगरी भागातल्या बाईला प्रवासखर्चापोटी पैसे मिळतात. गावागावात महिला स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, ही व्यवस्था 1988 पासूनची. आमच्या टीमच्या बॅनरवर मात्र ‘जिथे आरोग्यसेवा नाही तिथे’ असं लिहिलेलं होतं.

आणि मिशनचं काम नीट कसं करतात याचा दाखला हवा असेल तर तो तानसेनातच आहे. 1954 साली युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झाली ती सरकारच्या परवानगीने, आणि सरकारशी केलेल्या करारांत धर्मप्रसार न करण्याची अट तिने मान्य केली. तिथलं मिशन हॉस्पिटल त्या कामातूनच उभं राहिलं. मिरजेत आम्ही मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांचं नाव ऐकत मोठे झालो. ते 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये हॉस्पिटल उभं केलं आणि कामाची सगळी वर्षं इथे काढली. ते पंधरा गोळ्या देऊन निघून गेले नाहीत. मिशनच्या कामाला मी नावं ठेवतेय असं म्हणणाऱ्यांनी ही माणसं आधी समजून घ्यावीत.

आता ज्या मुली जाणार आहेत त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, डॉक्टरांचं नाव आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत असतील हे लेखी मागा. नेपाळात परदेशी डॉक्टरला तिथल्या मेडिकल कौन्सिलची आणि नर्सला नेपाळ नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. भारतीयाला व्हिसा लागत नाही म्हणून हेही लागत नाही, असं समजू नका. विद्यार्थिनीने बीपी, वजन, ताप घ्यावा, ओआरएस कसं करायचं हे दाखवावं, जखम धुवावी, तेही नोंदणी असलेलं माणूस शेजारी असेल तरच. औषधाच्या टेबलावर बसू नका, कितीही गोड बोलले तरी.

गाउँपालिकेचं, म्हणजे तिथल्या ग्रामीण स्थानिक संस्थेचं, आणि स्वास्थ्य चौकीचं पत्र बघायला मागा. चौकीवरचं कोणी कॅम्पला येणार आहे का, हे विचारा. मला विचाराल तर बाकी सगळे प्रश्न सोडा, हा एक विचारा. बीपीच्या रुग्णाला सोळाव्या दिवशी गोळी कोण देणार, याचं उत्तर त्यातच मिळतं. औषधं नेपाळच्या औषध व्यवस्था विभागाच्या परवानगीने आणि कस्टमला दाखवून जातात. तुमच्या कपड्यांत पट्ट्या ठेवायला सांगितल्या तर तिथूनच परत फिरा. पकडलं गेलं तर बॅग तुमच्या नावाची असते.

प्रार्थनेबद्दल. नेपाळच्या 2015 च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे, आणि ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. हा कायदा तुम्हाला पटो न पटो, तुमच्या व्हिडिओचा त्रास तिथल्या छोट्या मंडळीतल्या माणसांना होतो. तुम्ही तोवर घरी पोचलेल्या असता.

65 वर्षांपर्यंतच्या प्रौढांना नेपाळला जायला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. आमच्यातल्या एकाला यावरून सीमेवर ताटकळावं लागलं. गरम कपडे न्या, पाणी उकळून प्या, घरच्यांना रोज कळवा. ‘इंटरनॅशनल क्लिनिकल एक्सपीरियन्स’च्या सर्टिफिकेटला भुलू नका, कॉलेजच्या लॉगबुकात असल्या तासांना जागा नसते. मला तर ते दिलंही नाही. जे घडेल ते त्याच रात्री तारीख, वेळ आणि आकड्यांसकट वहीत लिहा. त्या बाईची दोन्ही रीडिंग माझ्या वहीत होती, म्हणून आमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमनी माझं ऐकून घेतलं आणि वर्गासमोर मला उभं करून हा प्रसंग सांगायला लावला.

पुढच्या टीमची नावं घेणं आता सुरू झालंय. माझ्या बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून वर्गणी भरली होती, तिची पावती मागूनही मिळाली नाही. वर्गणीचा हिशेब आणि औषधांच्या परवानगीची प्रत, दोन्हींसाठी मी मंडळीच्या पंच कमिटीकडे लेखी अर्ज दिलाय. सोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. कमिटीची बैठक महिनाअखेरीस आहे, आणि आई म्हणाली आहे की तीही माझ्याबरोबर येणार.